तलवार बाहेर ठेवा, मग आत या

गेल्या महिन्यात आमच्या हापिसात 'लीडरशिप'चं एक सेशन झालं. शुक्रवारी दुपारी, जेवणाच्या आधी. म्हणजे ज्या वेळी माणूस कशालाही मान डोलावतो नेमकी ती वेळ. ट्रेनर साहेब सूट-बूट घालून आले होते, आणि त्यांच्या पीपीटीत चौथ्या स्लाइडवर डावीकडे तलवार उपसलेला सामुराई आणि उजवीकडे किमोनो घालून चहा करणारी बाई असं चित्र होतं. खाली मोठ्या अक्षरात, 'हालचाल एकच, मन एकच'.

मग साहेबांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, जपानी चहाचा विधी सामुराईंनी लढाईच्या आधी मन तयार करायला बनवला. दोन, त्यातली प्रत्येक हालचाल तलवारबाजीतून आलेली आहे. आणि तीन (इथे आवाज खाली आणून), सामुराईची मालकावरची निष्ठा त्या एका कप चहात आहे, आणि तीच निष्ठा आपल्याला प्रोजेक्टमध्ये हवी आहे. 'एनी क्वेश्चन्स?' कुणीच काही विचारलं नाही. मीही नाही. भूक लागली होती.

पण ते डोक्यातून गेलं नाही. जपानी क्लायंटच्या निमित्ताने गेली चार वर्षं या विषयावर जे हाताला लागेल ते वाचतोय, त्यामुळे त्या तीन वाक्यांतलं अर्धं एक वाक्य खरं आहे आणि अडीच खोटी आहेत हे माहीत होतं. तेव्हा जो प्रश्न विचारला नाही तो इथे, वीकांताला, सविस्तर.

आधी जे खरं आहे ते मान्य करू, नाहीतर तुम्ही म्हणाल की याला जपानचं सगळंच खोटं वाटतं.

चहा आणि सामुराई यांचा संबंध जुना आहे. एइसाई नावाच्या झेन भिक्षूने 1214 मध्ये शोगुन सानेतोमोला चहाच्या गुणांवरचं आपलं पुस्तक दिलं, आणि निमित्त काय, तर शोगुन साहेबांना आदल्या रात्रीची जास्त झाली होती. (हँगओव्हरवरचा उतारा म्हणून धर्मगुरूने चहा पाजला, ही माझी आवडती गोष्ट आहे.) सोळाव्या शतकात ओदा नोबुनागा आणि त्याच्यामागून तोयोतोमी हिदेयोशी या दोन सेनापतींनी चहाला थेट राजकारणात आणलं. नोबुनागा पराक्रमी सरदारांना बक्षीस म्हणून चहाची नामांकित भांडी द्यायचा. चहाचा सगळ्यात मोठा गुरू सेन नो रिक्यू, त्याचे म्हणून जे सात प्रमुख शिष्य सांगतात ते सगळे लढवय्ये सरदार. पुढे फुरुता ओरिबे, कोबोरी एन्शू, काताकिरी सेकिशू, उएदा सोको या सरदारांच्या नावाने चहाच्या वेगळ्या शैली चालू झाल्या. त्यातल्या काही आजही चालू आहेत, आणि जपानीत त्यांना 'बुके', म्हणजे योद्ध्यांच्या घरातला चहा असंच म्हणतात.

इतकं सगळं मान्य. आता पुढे.

पहिलं वाक्य, चहाचा विधी सामुराईंनी बनवला. नाही बनवला. ज्या साध्या, गरीब झोपडीतल्या चहाला आज जग 'टी सेरेमनी' म्हणतं, त्याची घडण प्रामुख्याने साकाई नावाच्या बंदरातल्या व्यापाऱ्यांनी केली. ताकेनो जोओ हा कातड्याचा व्यापारी. त्याचा शिष्य रिक्यू (1522 ते 1591) हाही साकाईच्या व्यापारी घरातला. रिक्यूचा सहकारी इमाई सोक्यू तर नोबुनागाला बंदुका आणि बंदुकीची दारू पुरवायचा. म्हणजे चहाच्या खोलीचा युद्धाशी संबंध होता, पण तो तलवार चालवणाऱ्याचा नव्हता, माल विकणाऱ्याचा होता! आणि 1587 मध्ये हिदेयोशीने क्योतोच्या कितानो देवळात जो भलामोठा चहाचा मेळावा भरवला, त्याचं आमंत्रण शेतकऱ्यापासून नोकरापर्यंत सगळ्यांना होतं. लढाईची तालीम कोणी गावजेवणासारखी भरवत नाही.

आता दुसरं वाक्य, हालचालींचं. हेच खरं गंमतीचं आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त फेकाफेक चालते. कारण डोळ्यांना ते पटतं. चहा करणारा माणूस पाठ ताठ ठेवून, पाय घासत, कंबर न हलवता आत येतो. बांबूची लांब दांड्याची पळी, जिला हिशाकू म्हणतात, ती समोर अशी धरतो की कुणालाही हत्यार आठवावं. मग कोणीतरी म्हणतं, बघा, तलवार!

पळीपासून सुरू करू. उरासेन्के शैलीत पळी लोखंडी भांड्यावर ठेवायच्या तीन पद्धती आहेत, आणि त्या शिकवताना धनुर्विद्येची उपमा देतात. एकीत बाण दोरीला लावल्यासारखा हात, एकीत दोरी ओढल्यासारखा, एकीत बाण सोडल्यावर पंजा उघडतो तसा. झालं, ट्रेनर मंडळींना हवं ते मिळालं. पण दोन गोष्टी ते सांगत नाहीत. पहिली म्हणजे उपमा धनुष्याची आहे, तलवारीची नाही. दुसरी म्हणजे या तीन पद्धती फक्त उन्हाळ्याच्या सहामाहीत वापरतात, जेव्हा विस्तव वर मांडलेल्या शेगडीत असतो. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत जमिनीतल्या चुलीवर भांडं असतं, तेव्हा पळी ठेवायची पद्धत वेगळी. युद्धाचं शिक्षणच द्यायचं होतं तर हिवाळ्यात शत्रू सुट्टीवर जातो की काय?

उपमा ही शिकवायची सोय असते. आमच्या लहानपणी तबल्याचे सर म्हणायचे, बोट असं उचल जसं तव्यावर चटका बसलाय. म्हणून तबला स्वयंपाकघरातून आला असं कोणी म्हणत नाही.

आता चालणं. चहाच्या खोलीत पाऊल उचलत नाहीत, घासत नेतात. याला सुरिआशी म्हणतात. नोह नाटकातले नट असेच चालतात. तलवारीच्या कित्येक शाळांतही पाय असाच घासत नेतात. मग चहाने तलवारीकडून घेतलं असं का नाही म्हणायचं? प्रोग्रामिंग करणाऱ्याला हे समजायला दोन मिनिटं लागू नयेत. दोन मॉड्यूलमध्ये एकसारखं वागणारा कोड दिसला म्हणजे एकाने दुसऱ्याकडून कॉपी-पेस्ट केलं असंच नसतं. बहुतेक वेळा दोघांनी एकच लायब्ररी घेतलेली असते. इथली ती लायब्ररी म्हणजे तातामी चटई, अरुंद घेराचा किमोनो, जमिनीलगत बसण्याची पद्धत, आणि दरबारात-सरदारघरात कसं बसावं-उठावं-वाकावं याचे पिढ्यानपिढ्या शिकवले गेलेले नियम. विणलेल्या चटईवर, गुडघ्याशी बांधल्यासारख्या कपड्यात, हातात गरम पाणी किंवा नाजूक भांडं घेऊन चालून बघा. पाय आपोआप घासले जातील. त्याला शत्रू लागत नाही.

आणि तलवार म्हणजे तरी कुणाची तलवार? जपानचा सगळ्यात प्रसिद्ध तलवारबाज मियामोतो मुसाशी 1645 च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या 'पाच चक्रांच्या पुस्तकात' सांगतो की पायाची बोटं किंचित सैल सोडा, टाच घट्ट रोवा आणि नेहमी चालता तसंच चाला. आजच्या केंदोत मागची टाच उचललेली असते. म्हणजे तलवारवाल्यांचंच आपसात एकमत नाही, तर त्यांच्याकडून चहावाल्यांनी नेमकं काय उचललं?

याहून मजा पुढे आहे. रिक्यूच्या नातवाच्या मुलांपासून तीन घराणी झाली, ओमोतेसेन्के, उरासेन्के आणि मुशाकोजीसेन्के. तिन्ही क्योतोतली, तिघांचं मूळ एक. खोलीत शिरताना पहिलं पाऊल कोणतं? ओमोतेसेन्के डावं, उरासेन्के उजवं, मुशाकोजीसेन्के खांबाच्या बाजूचं जे असेल ते. चहाला फेस किती आणायचा यावरही दोन मोठ्या घराण्यांचं जमत नाही. 'प्रत्येक हालचालीमागे लढाईचं शास्त्र' असतं तर भावाभावांच्या घराण्यांनी तीन वेगळी पावलं टाकली नसती. ही घराण्यांची ओळख आहे. आपल्याकडे गाण्याच्या घराण्यांचं असतं तसं.

बसण्याचंही तेच. गुडघे मोडून टाचांवर बसायची जी पद्धत आज 'सामुराई शिस्त' म्हणून दाखवतात, ती सर्रास रूढ झाली ती एदो काळात, म्हणजे रिक्यू गेल्यानंतर. त्याच्या वेळी मांडी घालून किंवा एक गुडघा उभा ठेवून बसणं चालायचं. म्हणजे आज जी 'प्राचीन योद्ध्यांची' बैठक वाटते, ती बरीचशी शांततेच्या काळातल्या शिष्टाचाराची देणगी आहे.

आणि नुसतं दिसण्यावर जायचं तर मग अजून एक ऐका. रिक्यूच्या सात शिष्यांपैकी ताकायामा उकोन हा ख्रिस्ती सरदार होता. धर्म सोडायला नकार दिला म्हणून 1614 मध्ये त्याला देशाबाहेर काढलं आणि 1615 मध्ये तो मनिलात वारला. चहाचं भांडं पुसणं, रेशमी कापडाची घडी, एकाच वाडग्यातून सगळ्यांनी आळीपाळीने पिणं हे बघून काही जणांना कॅथलिक प्रार्थनेतला धर्मगुरू दिसतो, आणि चहाने तिथूनच घेतलं असंही ते म्हणतात. म्हणजे एकाच हालचालीत एकाला तलवार दिसते, दुसऱ्याला चर्च. ज्याला जे हवं ते दिसतं, तो पुरावा नसतो.

मग योद्ध्यांचा हालचालींवर काहीच परिणाम नाही का? आहे ना! पण तो बघायला जरा नीट बघावं लागतं.

फुकुसा म्हणजे भांडी पुसायचा रेशमी रुमाल. सेन घराण्यांत तो ओबीला, म्हणजे कमरपट्ट्याला, डाव्या बाजूला खोचतात. योद्ध्यांच्या शैलींत उजव्या बाजूला. का? कारण डावी बाजू तलवारीची. आता गंमत अशी की त्या खोलीत तलवार नसायची! चहाच्या खोलीबाहेर छपराखाली तलवारी ठेवायला फळी असायची, तिला कातानाकाके म्हणतात. पाहुणा कितीही मोठा सरदार असो, तलवार तिथे ठेवायची आणि मग निजिरिगुची नावाच्या साधारण 66 सेंटिमीटर उंचीच्या दारातून गुडघ्यांवर सरपटत आत जायचं. (तलवार आडवी धरून सरकवली तर त्या दारातून जाईलही, मी मोजमाप लावून बघितलंय. पण प्रश्न मापाचा नाहीच. तलवार लावून वाकता येत नाही, आणि वाकल्याशिवाय आत जाता येत नाही.)

म्हणजे लक्षात घ्या, त्या माणसाच्या डाव्या कमरेला काहीच नाही. जागा रिकामी आहे. तरी हात तिकडे जात नाही, रुमाल उजवीकडेच आहे. योद्धेपणाची सगळ्यात खरी खूण ही आहे. ती तलवार चालवण्याची नाही, तलवार काढून ठेवलेल्या जागेची आहे. लढाईच्या तयारीसाठी बनवलेली खोली असती तर हत्यार दाराबाहेर ठेवायला लावलं असतं का? तिथे बसलेला माणूस पुढची घटकाभर सरदार नाही, फक्त पाहुणा आहे, आणि शेजारी साकाईचा वाणी बसला असेल तर त्याच वाडग्यातून चहा पिणार आहे. ट्रेनर साहेबांनी त्या कोरून ठेवलेल्या रिकाम्या जागेत परत तलवार खोचली.

आणि सरदारांच्या शैली बहरल्या कधी? मुख्यतः 1615 नंतर, जेव्हा ओसाकाचा किल्ला पडला आणि एखादं बंड सोडलं तर अडीचशे वर्षं मोठी लढाईच झाली नाही. काताकिरी सेकिशू चौथ्या शोगुनचा चहाचा शिक्षक झाला तो अशा काळात, जेव्हा सामुराई म्हणजे कमरेला तलवार लावलेला कारकून होता. हिशोब, महसूल, फायली. या शैलींतला काटेकोरपणा, कोण वर बसणार, कुणाला आधी वाढायचं, हा रणांगणातला नाही, कचेरीतला आहे. पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून केलंय, ती ओकायामाची कोराकुएन, एका सरदारानेच 1700 मध्ये पुरी केली. तळं, हिरवळ, चहाच्या बसायच्या जागा. सिंहगड रोडला जाल तेव्हा तिथे सामुराई शोधून बघा. शांततेच्या काळातला सामुराई असाच होता.

मग ही 'चहा म्हणजे योद्ध्यांचं ध्यान' भानगड आली कुठून? बरीचशी विसाव्या शतकातून, आणि बरीचशी इंग्रजीतून. नितोबे इनाझोचं 'बुशिदो' 1900 साली इंग्रजीत निघालं, आणि जगाने जपानकडे सामुराईच्या चष्म्यातून बघायला सुरुवात केली. त्यावर 1906 मध्ये ओकाकुरा काकुझोने, जो त्याआधी कलकत्त्यात येऊन ठाकूरांच्या घरच्यांशी दोस्ती करून गेला होता, 'चहाचं पुस्तक' लिहिलं, तेही इंग्रजीत. त्यात सुरुवातीलाच तो वैतागून म्हणतो की जपान शांतपणे कला जोपासत होता तोवर पाश्चात्त्यांनी त्याला रानटी म्हटलं, आणि मांचुरियाच्या रणांगणावर माणसं मारायला लागल्यावर सुसंस्कृत म्हटलं. सामुराईच्या मरणाच्या शास्त्राचं सगळ्यांना कौतुक, आणि चहाच्या जगण्याच्या शास्त्राकडे कुणाचं लक्ष नाही, ही त्याची तक्रार. म्हणजे चहावरचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध पुस्तक ज्या गैरसमजाविरुद्ध लिहिलं गेलं, तोच गैरसमज शंभराहून जास्त वर्षांनी आम्हाला स्लाइडवर दाखवला गेला. पुढे 1938 मध्ये सुझुकीने झेन आणि जपानी संस्कृतीवरच्या पुस्तकात तलवारही घेतली आणि चहाही, आणि वाचणाऱ्यांनी दोन्हीची खिचडी केली.

या खिचडीत सगळ्यात आधी गळतात त्या बायका. मेइजी काळात चहा मुलींच्या शाळांत गेला, आणि आज चहा शिकणाऱ्यांत बहुसंख्य बायकाच आहेत. चहाच्या इतिहासात खरीखुरी लढलेली व्यक्तीच हवी असेल तर नीजिमा याए घ्या. 1868 मध्ये आयझुच्या किल्ल्यात तिने स्पेन्सर रायफल घेऊन लढाई केली. म्हातारपणी क्योतोत ती चहा शिकवायची. लढाई आधी, चहा नंतर. लढून आलेली बाई चहाकडे गेली. स्लाइडवरच्या चित्रातल्या बाईला नाव द्यायचं असतं तर हे देता आलं असतं.

आता तिसरं वाक्य. निष्ठा. खरं तर मला राग आलाय तो याचाच. पहिल्या दोन वाक्यांत चुकीचा इतिहास आहे, तो कोणाचाही चुकतो. तिसऱ्या वाक्यात मात्र तो चुकीचा इतिहास कामाला लावलाय.

चहाच्या सगळ्यात मोठ्या गुरूचं काय झालं? 1591 मध्ये हिदेयोशीने रिक्यूला पोट फाडून घ्यायचा हुकूम दिला. सत्तरीचा म्हातारा. नेमकं कारण काय यावर इतिहासकार अजून भांडतात, पण सत्तेला तो खुपायला लागला होता एवढं नक्की. मालकाने सोन्याची चहाखोली बांधली, आणि हा काळा, ओबडधोबड वाडगा हातात घेऊन दोन चटयांच्या खोलीत बसायचा. त्याचा शिष्य ओरिबे, तो तर स्वतः सरदार. त्यालाही 1615 मध्ये तोच हुकूम झाला. चहाच्या दोन सगळ्यात मोठ्या माणसांना मालकाने मारलं, आणि आम्हाला शिकवलं जातंय की चहा म्हणजे मालकावरची निष्ठा!

'सामुराई मन' याचा आमच्या हापिसातला अर्थ काय, हे सगळ्यांना माहीत आहे. शनिवारी रिलीज असेल तर तक्रार नको. रात्री अकराला कॉल असेल तर कपाळावर आठी नको. आमच्या टीममधल्या एकीने मुलाला ताप आहे म्हणून रविवारी लॉगिन केलं नाही, तर सोमवारी तिला 'कमिटमेंट'वर ऐकावं लागलं. त्याच आठवड्यात हे सेशन होतं. सरळ सांगा ना की माणसं कमी आहेत आणि काम जास्त आहे. त्याला चारशे वर्षांपूर्वीच्या वाडग्यातून कशाला पाजता?

तुम्ही म्हणाल, एवढं काय, एक स्लाइड तर आहे. आणि शिस्त, एकाग्रता या चांगल्या गोष्टी आहेत की. आहेतच. चहात एकाग्रता आहे, कबूल. पण ती कुणासाठी आहे ते बघा. समोरच्या माणसासाठी आहे. यजमान खोली स्वतः झाडतो, कोळसा स्वतः रचतो, चहा स्वतः घुसळतो. त्या खोलीत हात राबतो तो मोठ्याचा. त्यातून मॅनेजरनी काही शिकायचं असेल तर ते एवढंच, की ज्यांना बोलावलंय त्यांच्यासाठी आपण काय केलं?

उरासेन्के घराण्याचे पंधरावे प्रमुख सेन गेन्शित्सू 2025 मध्ये 102 व्या वर्षी वारले. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात वैमानिक होते, विमानासकट शत्रूवर आदळायच्या तुकडीत निवडलेले. तळावर सोबत्यांना ते चहा करून द्यायचे. सोबती गेले, ते वाचले. योद्धा आणि चहा एकाच माणसात बघायचा तर याहून खरं उदाहरण सापडायचं नाही. त्या माणसाने पुढची सत्तर-पंच्याहत्तर वर्षं जगभर हिंडून काय सांगितलं? एका वाडग्यातून शांतता. हुकूम पाळून मरायला निघालेल्या माणसाने चहातून आज्ञापालन शिकवलं नाही.

असो. पुढचं सेशन तिमाहीच्या शेवटी आहे म्हणे. या वेळी जेवून जाणार आहे. आणि 'एनी क्वेश्चन्स' म्हटलं की हात वर करणार आहे. फार काही नाही, एवढंच विचारीन की साहेब, तुमच्या त्या चित्रातल्या खोलीत तलवार कुठे ठेवायची?